अर्क आणि अगत्य

मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची, अशी वाटणी फार दिवस चालत आली. सकाळ चहाची असे. कॉफी निघे ती जागरणाला, उपवासाच्या दिवशी, दुखण्यातून उठलेल्या माणसासाठी किंवा चहा न घेणाऱ्या पाहुण्यासाठी. दूध, साखर आणि कॉफीची पूड एकत्र उकळायची, वर जायफळ उगाळून किंवा किसून घालायचे आणि कपबशीतून ती पुढे करायची, एवढाच तिचा विधी. तिच्यात कॉफी किती आणि जायफळ किती, हा प्रश्न कुणाला पडत नसे. जुन्या मराठीत कॉफीच्या बीला ‘बुंद’ असा स्वतंत्र शब्द होता. पण बहुतेक घरांची ओळख बीशी नव्हती, डब्यातल्या पुडीशी होती.

पुडीच्या मागे जाऊन बी पाहावीशी वाटू लागली, म्हणजे कॉफीचा नाद लागला असे समजावे. असा नाद लागलेला एक मराठी गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. नोकरीच्या निमित्ताने तो बंगळूरला जातो. पहाटे शेजारच्या घरांतून येणारा वास त्याला पहिल्या आठवड्यातच सांगतो, की आजवर आपण कॉफी या नावाखाली जे प्यालो ते बहुतांशी दूध होते. मग घरात फिल्टर येतो. एकावर एक बसणारी दोन उभी भांडी. वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे, आत पूड दाबण्यासाठी दांडीची चकती, वर झाकण. पूड भरायची, हलकेच दाबायची, उकळी येऊन गेलेले पाणी ओतायचे आणि बाजूला व्हायचे. एवढे झाल्यावर माणसाला करण्यासारखे काही उरत नाही. खालच्या भांड्यात काळा अर्क थेंबाथेंबाने उतरत राहतो. पूड फार दाबली तर तो अडून बसतो, सैल ठेवली तर पाणी घाईने निघून जाते आणि हाती रंग तेवढा लागतो. दक्षिणेत या अर्काला ‘डिकॉक्शन’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ काढा. पण येथे अर्काला आच लागतच नाही. आपल्याकडची कॉफी उकळते, ही उतरते. या एका क्रियापदाच्या फरकात दोन संस्कृतींच्या सकाळी सामावलेल्या आहेत.

उतरण्याची ही क्रिया कळली, की जिज्ञासा बीकडे वळते. कॉफी पूड दळून देणाऱ्या दुकानात ‘प्लँटेशन ए’, ‘पीबेरी’, ‘चेरी’ अशी नावे कानांवर पडतात. फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका ती ‘प्लँटेशन’. अख्खे फळ उन्हात वाळवून मग सोललेली बी ती ‘चेरी’. एका फळात एरवी दोन चपट्या बिया समोरासमोर नांदतात. क्वचित एकच धरते आणि गोल होते, ती ‘पीबेरी’. नावांच्या मागे भूगोल असतो आणि भूगोलाच्या मागे आख्यायिका. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात रुजवल्या, असे सांगतात. ज्या डोंगराला आज त्यांचे नाव आहे, तेथेच दत्तात्रेयाचेही स्थान मानले जाते. भारतातील कॉफीचे सुमारे सत्तर टक्के पीक आजही कर्नाटकातच येते.

मात्र हा भूगोल पेल्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. १९४० च्या दशकापासून मळेवाल्यांना आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा करावे लागे. महायुद्धाच्या काळात कोसळलेल्या बाजारातून त्यांना तारण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती, आणि तिने त्यांना तारलेही. परंतु सामाईक साठ्यात चांगली बी आणि सामान्य बी एकाच नावाने विकली जाते; झाड लावणाऱ्याचे नाव वाटेतच गळून पडते. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि १९९६ मध्ये संपली. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि आराकू खोऱ्यातील अरेबिका व वायनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आज बंगळूरच्या त्या गृहस्थाच्या हातातील पुडक्यावर मळ्याचे नाव, उंची आणि भाजल्याची तारीख छापलेली असते. अनामिक पाठभेदांच्या गर्दीतून एखाद्या कवीचे नाव निश्चित व्हावे, तसा हा आनंद आहे.

पुढची पायरी घरी भाजण्याची. लोखंडी कढईत हिरवट बिया मंद आचेवर हलवीत राहायचे. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजक्या भाकरीचा. रंग पिवळा होतो, तपकिरी होतो, वरचे पातळ पापुद्रे सुटून स्वयंपाकघरभर उडतात आणि दोनशे अंशांच्या आसपास बिया लाह्यांसारख्या तडतडू लागतात. येथून पुढे प्रत्येक क्षण निर्णयाचा. लवकर उतरवली तर आंबूस राहते, विसंबले तर मळ्याचा गुण संपून कोळशाचा गुण सुरू होतो. १०० ग्रॅम बियांचे ८५ ग्रॅमच्या आसपास उरतात. शिवाय ताजी भाजलेली बी लगेच दळून भागत नाही. तिच्यात कोंडलेला वायू बाहेर पडायला काही दिवस जावे लागतात. उत्सुक माणसाला मिळणारा हा धडा लहान नव्हे.

नादाला वळण लागते ते ‘शुद्ध’ या शब्दापाशी. दक्षिणेतील रोजच्या पुडीत पुष्कळदा चिकोरी असते. चिकोरी हे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ. त्यात कॅफिन नाही, पण ते अर्काला दाटपणा आणि गडद रंग देते. नेपोलियनच्या काळात इंग्लंडशी व्यापार बंद झाल्यावर युरोपात त्याचा वापर वाढला. आपल्या कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे, आणि प्रमाण डब्यावर छापले पाहिजे. नवा नादी चिकोरीला भेसळ मानतो. तिचा त्याग करतो, आणि हळूहळू ती पिणाऱ्यांविषयी मनात एक बारीकशी तुच्छता बाळगू लागतो.

हा शब्द कॉफीच्या इतिहासात याहून कठोर अर्थानेही वावरला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ प्रदेशात कॉफीने सकाळच्या पेजेची जागा घेतली, तेव्हा या परक्या व्यसनावर टीका झाली. टीका मागे पडली, कॉफी प्रतिष्ठेची झाली. पण तिच्याबरोबर वाढलेल्या कॉफी क्लबांपैकी अनेकांत ब्राह्मणांची बसण्याची जागा वेगळी राखलेली असे. म्हणजे पेल्यातील द्रव्य शुद्ध हवे आणि पेल्याभोवतीची माणसेही. त्या पार्श्वभूमीवर १९५७ ची घटना मोलाची वाटते. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतल्यावर ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती चालवायला घेतली. पहिली संस्था बंगळूरला उभी राहिली. तेथे मिळणारी कॉफी रसज्ञाच्या कसोटीला उतरेलच असे नाही. परंतु एका पेल्यावर कितीही वेळ बसता येते, आणि शेजारी कोण बसला आहे हे कुणी विचारीत नाही.

आपल्या गृहस्थाच्या ओट्यावर एव्हाना उपकरणांची रांग लागलेली असते. त्यात जर्मन गृहिणी मेलिटा बेंट्झ हिने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतील टिपकागद वापरून काढलेल्या कागदी गाळणीची वंशज असते. इटलीत १९३३ पासून घराघरांत शिरलेले अल्फोन्सो बियालेत्तीचे अष्टकोनी मोका भांडे असते, ज्यात वाफेचा दाब पाण्याला पुडीतून वर ढकलतो. आणि हवेत तरंगणारी खेळातली कडी बनवणाऱ्या अ‍ॅलन अ‍ॅडलरने २००५ मध्ये बाजारात आणलेली एरोप्रेस ही दट्ट्याची नळीही असते. तत्त्व सगळीकडे एकच. पूड जितकी बारीक तितका पाण्याशी तिचा स्पर्श मोठा. आंबटपणा आधी उतरतो, गोडवा मागून येतो, कडवटपणा सर्वांत शेवटी. पाणी नेमके कुठे थांबवायचे, एवढीच कला. त्यासाठी वजनकाटा येतो, तापमापक येतो आणि एक वही येते. बी, भाजणी, दळण, पाणी, तापमान, वेळ असे तिच्यात रकाने पडतात. काल साधलेली चव आज पुन्हा साधावी, एवढीच त्यामागची इच्छा असते.

प्रवास ही इच्छा मोडून काढतो. हातदळणी, नळी आणि बियांचा डबा पिशवीत घालून तो निघतो; पण पाणी आणि हवा काही पिशवीत नेता येत नाहीत. राजस्थानातल्या एखाद्या गावी बोअरचे जड पाणी कॉफीतला आंबटपणा पुसून टाकते आणि घरी फळासारखी लागणारी बी तेथे खडूसारखी सपाट लागते. लेहला, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. ९२ अंशांची नोंद असलेला वहीतला रकाना तेथे निरुपयोगी ठरतो. दळण बारीक करावे, वेळ वाढवावा, तेव्हा कुठे काही हाती लागते. आगगाडीत थर्मासमधले पाणी निवत जाते. चव बीमध्ये आहे, हा त्याचा समज एकेका मुक्कामावर ढासळत जातो. ती बी, पाणी आणि स्थळ यांच्या भेटीत असते, आणि भेट जशीच्या तशी पुन्हा होत नाही.

प्रवासाने चव बिघडते म्हणावे, तर याच किनाऱ्यावरची एक हकिकत त्याला छेद देते. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रावरून युरोपला जाई. दमट हवेने बिया फुगत, पिवळ्या पडत, त्यांचा आंबटपणा ओसरे. पिणाऱ्यांना ती चव कॉफीची मूळ चव वाटू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वेगाने धावू लागल्या, बी हिरवी आणि ताजी पोचू लागली, आणि ग्राहक नाराज झाले. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या वखारींतून पावसाळ्याचे वारे खेळवून बिया मुद्दाम फुगवण्यात येऊ लागल्या. ‘मॉन्सून्ड मलबार’ या नावाने ती आजही विकली जाते. वाटेत घडलेला अपघात हीच येथे परंपरा झाली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने या बीचे काय करावे?

त्याच्यापुढे खरा प्रश्न मात्र वखारीत उभा राहत नाही, आत्याच्या घरी राहतो. सुटीत तो सोलापूरला जातो. आत्या सत्तरी ओलांडलेली. भाचा कॉफीचा शौकीन झाला हे तिच्या कानांवर आलेले असते. म्हणून ती चहा बाजूला ठेवून मुद्दाम कॉफी करते. दुधात उकळलेली, साखरेची, जायफळाची. “तुझ्यासारखी जमत नसेल हो मला, पण बघ,” असे म्हणत ती बशीसह कप पुढे करते. पिशवीत दळणी आहे, नळी आहे, ताजी बी आहे. “आत्या, थांबा, मी करून देतो,” हे वाक्य जिभेवर आलेले असते. बोलले तर त्यात खोटे काही नाही. पण कप मागे सरेल आणि त्याच्याबरोबर आणखी काही मागे सरेल. जिभेला वळण लावताना माणसाने दुसऱ्याच्या हातून घेण्याची शक्ती गमावली, तर ते शिक्षण की ऱ्हास, हा प्रश्न त्या कपात असतो.

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. अभिनवगुप्ताने सहृदयाचे वर्णन करताना मनाच्या आरशाची उपमा योजली. अभ्यासाने आरसा स्वच्छ होतो, तो समोरचे जसेच्या तसे घ्यावे म्हणून. समोरचे नाकारता यावे म्हणून तो कुणी घासत नाही. थोर ग्रंथांखेरीज काही वाचू न शकणारा वाचक आणि मळ्याच्या नावाखेरीज काही पिऊ न शकणारा शौकीन, दोघांचीही अडचण एकच. आत्याच्या कपात कॉफी थोडी आहे हे ओळखणे ही रसिकता खरी; पण जायफळ ताजे आहे, दूध मुद्दाम आटवलेले आहे आणि साखर आपल्या लहानपणच्या मापाची आहे, हे ओळखायलाही तीच तयार जीभ लागते. नादाने ती तयार केली असेल, तर नाद फुकट गेला नाही.

कॉफी जेथे उगम पावली त्या इथिओपियात बिया पाहुण्यांसमोरच भाजतात. धूर त्यांच्यापर्यंत नेऊन वास देतात, मातीच्या सुरईसारख्या जेबेनामध्ये कॉफी शिजवतात आणि तीन फेऱ्यांत वाढतात. भाजणे, दळणे, उतरवणे यातील एकही पायरी तेथे एकट्याची नाही. दक्षिणेतील फिल्टरही घरातल्या माणसांच्या अंदाजाने लहान-मोठा घेतात. कुंभकोणम आणि तंजावरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनी तो आपलासा केला, तोही अशा भरल्या घरांसाठी. नवी उपकरणे बहुधा एका पेल्याच्या मापाची असतात. त्यांनी चवीची बारकाई वाढवली, यात शंका नाही. पण दुसऱ्याला कॉफी देण्यासाठी आता पहिल्याची निवून जावी लागते.

सोलापूरहून परतल्यावर आपला गृहस्थ काटा किंवा तापमापक टाकून देत नाही. बी तो अजूनही स्वतः भाजतो, आणि रविवारी सकाळी ओट्यावरच्या नळीशी त्याचे एकट्याचे संभाषण चालूच असते. फरक पडतो तो एवढाच, की बाजारातून तो आठ माणसांचा एक पितळी फिल्टर घेऊन येतो, आणि वहीतल्या रकान्यांत शेवटी एक नवा रकाना आखतो : किती जणांसाठी.