कार्डावरचं शेवटचं अक्षर

उंदराच्या पोटात सुई टोचून त्याला पेटीत सोडलं की मी श्वास रोखून पडद्याकडे बघायचे. पेटीत अवरक्त किरणांची जाळी असते. उंदीर हलला की किरण तुटतात आणि संगणक अंतर मोजतो. मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम कोकेन, म्हणजे 25 ग्रॅमच्या उंदराला जेमतेम पाव मिलिग्रॅम. एवढ्यानेही तो भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारत सुटतो, कारण वापरलेलं डोपामिन परत ओढून घेणारा मेंदूतला पंप कोकेन अडवतं.

अमेरिकेतल्या या प्रयोगशाळेत रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. त्या आठवड्यात 24 उंदरांपैकी 12 ठरल्यासारखे धावले. उरलेले 12 धावले, पण फारच कमी. औषध न देताच तुलनेसाठी ठेवलेले उंदीर नव्हते हे. सगळ्यांना एकाच बाटलीतलं कोकेन दिलं होतं. मी द्रावण नव्याने केलं, तराजू तपासला, पेट्यांची अदलाबदल केली. तरी मंद ते मंदच. आपला हात चुकतोय, या विचाराने मला रात्री झोप लागेना.

शेवटी आमच्या तंत्रज्ञ बाईंनी दोन पिंजऱ्यांची कार्डं काढून माझ्यासमोर शेजारी-शेजारी धरली. एकावर सी57बीएल/6जे, दुसऱ्यावर सी57बीएल/6एन. उंदीर कमी पडले म्हणून अर्धे मी दुसऱ्या पुरवठादाराकडून मागवले होते. दोन्हीकडचे तितकेच काळेभोर, तितकेच चपळ. शेवटचं अक्षर मी वाचलंच नव्हतं.

सी57बीएल हा मूळ वाण 1921 साली क्लॅरेन्स लिटल यांनी सुरू केला. सख्ख्या बहीण-भावांचा संकर पिढ्यानपिढ्या करत गेलं की सगळी पिल्लं जवळपास एकाच ठशाची होतात. मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेतून 1951 मध्ये काही उंदीर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे गेले. तेव्हापासून दोन्ही शाखा, जॅक्सनची जे आणि संस्थेची एन, वेगळ्या वाढल्या आणि प्रत्येकीत आपापले बदल साठत गेले. त्यातला एक बदल एन शाखेच्या सायफिप2 या जनुकात आहे. त्याच्या प्रथिनात 968व्या जागी सेरीनऐवजी फेनिलॲलॅनिन बसलंय. विवेक कुमार आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की कोकेनला मिळणारा एन उंदरांचा प्रतिसाद याच बदलामुळे कमी पडतो. हजारो अमिनो आम्लांची नाही, एका अमिनो आम्लाची अदलाबदल! तो लेख मी त्या रात्री तीनदा वाचला.

आप्पांना फोनवर सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. वाळव्यात आमचा ऊस आहे. ते म्हणाले, “अगं, वाण 86032च असला तरी बेणं कुणाच्या मळ्यातलं, ते बघितल्याशिवाय मी कधी लावलंय का?”

मला रुतून बसलीय ती मात्र त्या 12 जनावरांची गोष्ट. एकदा कोकेन मिळालेला उंदीर पुन्हा नवखा होत नाही; पुढच्या खेपेला त्याच मात्रेवर तो जास्त धावतो. त्यामुळे त्यांना या प्रयोगात परत घेता येणार नव्हतं. माझ्या हातात शांत राहिलेल्या त्या जिवांना टोचलेल्या सुयांमधून आमच्या प्रश्नाचं काहीच उत्तर मिळालं नाही, आणि हे मला अजून सोसत नाही. नवे उंदीर, सगळे जे शाखेचे, पुढल्या मंगळवारी येतील. प्रवासाचा ताण उतरायला त्यांना आठवडाभर तसंच ठेवायचं. कार्डं मी हाताने लिहून ठेवलीयत, शेवटचं अक्षर लाल शाईत.