मिठाच्या गावची मोटार

लोखंड देऊन मीठ घेणारे एक गाव अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळ आहे. त्याचे नाव डुलूथ. मिनेसोटा राज्यात, सुपीरियर सरोवराच्या अगदी पश्चिमेच्या कोपऱ्यात, एका उभ्या टेकडीला ते बिलगून बसले आहे. पाठीमागच्या मेसाबीच्या डोंगररांगेतले लोहखनिज गोळ्यांच्या रूपाने आगगाडीतून या बंदरात येते आणि लांबलचक जहाजांत भरून पोलादाच्या कारखान्यांकडे जाते. बंदरात येणाऱ्या जहाजांपैकी काहींच्या पोटात मात्र मीठ असते. आपल्या मिठागरांतले नव्हे, खाणीतले. कॅनडात गोडरिच येथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली अशी एक अवाढव्य खाण आहे. हे रस्त्याचे मीठ कुणी खात नाही. ते रस्त्यावर पसरतात आणि मग तेच मोटारी खाते.

गावाची रचनाच अशी की मिठावाचून चालायचे नाही. सरोवराच्या काठापासून टेकडीच्या माथ्यावरच्या विमानतळापर्यंतची चढण सुमारे आठशे फुटांची. रस्ते सरळ काठाकडे उतरतात. त्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला की मोटार ब्रेक दाबूनही आपल्या मर्जीने खाली निघते. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या वादळाने तीन दिवसांत या गावावर सुमारे ३७ इंच बर्फ टाकले होते. म्हणून हिमवृष्टीचा सुगावा लागताच पालिकेच्या गाड्या पाठीमागून मीठ उधळीत फिरू लागतात. आपल्याकडे दृष्ट काढायला मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. इथे अख्ख्या गावावरून मीठ ओवाळले जाते, आणि दृष्ट लागते ती मोटारींना!

२०१९चा जानेवारी महिना मी या गावी काढला. माझी धाकटी बहीण तेथे एका इस्पितळात नर्स आहे आणि त्या वेळी तिच्याजवळ २००१ सालची एक स्टेशन वॅगन होती. स्टेशन वॅगन हा शब्द आता आपल्याकडे मागे पडला. रेल्वेच्या स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका आणायच्या गाडीवरून तो आला. छप्पर पार मागेपर्यंत ताणलेले, पाठीमागे दार, आत एका बिऱ्हाडाचे सामान मावेल एवढी जागा. बहिणीच्या गाडीत हिवाळ्यात कायम असणारे सामान असे: एक फावडे, वाळूची पिशवी, दोन घोंगड्या, मेणबत्ती, काडेपेटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा आणि बॅटरीला जोडायच्या जाड तारा. शेंगदाणे वगळले तर बाकी यादी त्या गावातल्या कोणत्याही गाडीत सापडावी.

गाडी सुबारू कंपनीची. तिच्या नाकावर सहा ताऱ्यांची मुद्रा होती. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिकांचे नाव. १९५३ साली निघालेल्या फुजी हेवी इंडस्ट्रीज या कंपनीत पाच कंपन्या मिसळल्या. म्हणून एक मोठा तारा आणि पाच लहान. आपल्या पुराणांत याच सहा कृत्तिकांनी कार्तिकेयाला दूध पाजून वाढवले आणि आपल्या कार्तिक महिन्याला नाव दिले. नर्सच्या मोटारीला ही मुद्रा शोभून दिसे. मात्र मोठ्या ताऱ्याचा मुलामा मिठाने सोलून नेला होता.

कडक थंडीत जुनी मोटार चालू कशी ठेवायची, याचे एक शास्त्रच तिकडे आहे. थंडी तीन ठिकाणी गाठते. पहिले ठिकाण बॅटरी. शून्याखाली १८ अंशांवर तिची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दुसरे ठिकाण तेल. इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते, म्हणजे बॅटरीत जोर कमी आणि इंजिन फिरवायला जोर जास्त हवा, असा दुहेरी पेच. तेलाच्या डब्यावर ५-डब्ल्यू-३० असे लिहितात, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हे मला बहिणीने सांगितले. त्याच्याआधीचा आकडा जितका लहान तितके तेल थंडीत पातळ. तिसरे ठिकाण इंजिन थंड ठेवणारे पाणी. ते गोठून फुगले तर इंजिनाचे ओतीव अंग तडकते. म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात. गंमत अशी की नुसते ग्लायकॉल शून्याखाली १३ अंशांच्या सुमारास गोठते आणि पाणी तर शून्यालाच. पण दोन्ही निम्मे निम्मे एकत्र केले की मिश्रण उणे ३७ पर्यंत दाद देत नाही. काही संसार असेच टिकतात म्हणतात.

याहून मोठा उपाय म्हणजे इंजिन तापवायची शेगडी. शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन या गृहस्थाने १९४९ साली अशा शेगडीचे पेटंट मिळवले. ब्लॉक-हीटर म्हणतात तिला. इंजिनाच्या पाण्यात एक लहानशी विजेची कांडी असते. तिची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबते. रात्री ती घरातल्या विजेला जोडायची. संध्याकाळी गल्लीतून हिंडताना मला या मोटारी दावणीला बांधलेल्या जनावरांसारख्या दिसत. ही वायर काढायची विसरून वायरीसकट निघून जाणारे शूर पुरुष दर हिवाळ्यात निघतात.

आता खरी अडचण सांगतो. बहिणीच्या शेजाऱ्याकडे उबदार गॅरेज होते. त्यात एका मोटारीची जागा रिकामी होती आणि तो भला माणूस ती फुकट द्यायला तयार होता. बहीण घेईना. मला हा मराठी ताठा वाटला. मी तसे बोललोही.

"दादा, ताठा नाही रे," ती म्हणाली. "उबेत ठेवली की सडते ती."

लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते; पाण्यात मीठ असले की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया भराभर चालते. पण ही क्रिया उबेत वेगाने होते आणि कडाक्यात जवळजवळ थांबते. बाहेर उभ्या गाडीच्या पोटाला चिकटलेला खारट चिखल दगडासारखा गोठून निपचित पडतो. तीच गाडी उबदार गॅरेजात नेली की तो चिखल वितळतो, सांध्यासांध्यांत झिरपतो आणि रात्रभर लोखंड खात बसतो. म्हणजे गाडी उबेत ठेवावी तर सकाळी हमखास चालू होते, पण दोन हिवाळे आधी मरते. बाहेर ठेवावी तर अंग टिकते, पण ऐन वेळी चालू होईल याची शाश्वती नाही. बहिणीला सातच्या आत इस्पितळात पोचायचे असे. ती पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या नर्सला रुग्ण सोडून घरी जाता येत नसे. आणि नवी मोटार घ्यायची तर पाच वर्षांचे हप्ते. दोन्ही बाजू जड होत्या.

जानेवारीच्या अखेरीस ध्रुवाकडची हवा खाली उतरली. ३० तारखेला मिनेसोटात टपालखात्याने बटवडासुद्धा बंद ठेवला. ३१ तारखेला डुलूथच्या उत्तरेस कॉटन नावाच्या खेड्यात उणे ५६ फॅरनहाइट, म्हणजे उणे ४९ सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आमच्याकडेही उणे ३०च्या खाली पारा होता. सरोवराच्या उघड्या पाण्यावरून वाफेचे पांढरे लोट वर चढत होते, जणू खाली कुणी चूल पेटवली आहे. शेजारी रात्री पुन्हा एकदा विचारून गेला. बहिणीने त्याचे आभार मानले, बॅटरी उचकटून स्वयंपाकघरात आणली, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली आणि पहाटे तीनला शेगडी सुरू होईल असे टायमर लावले. पावणेसहाला बॅटरी परत बसवताना तिच्या हातात पाना होता आणि माझ्या हातात विजेरी. एवढेच काम मला जमण्यासारखे होते.

पहिल्या वेळी इंजिन नुसते कण्हले. दुसऱ्या वेळी दोनदा फिरून थांबले. बहीण पुरते एक मिनिट गप्प बसून राहिली. बॅटरीला दम खाऊ द्यायचा असतो. तिसऱ्या वेळी गाडी लागली. रात्रभर एका जागी उभे राहून टायर खालून चपटे झाले होते आणि थंडीने तसेच राहिले होते. त्यामुळे चाके चौकोनी असल्यासारखी धडधडत गाडी उतारावर गेली आणि लाल दिवे वाफेत दिसेनासे झाले.

फेब्रुवारीत परत निघण्यापूर्वी मी तिच्याबरोबर मेकॅनिककडे गेलो. म्हातारा माणूस, बोलणे मोजके. त्याने गाडी वर उचलली आणि खालून विजेरी फिरवली. ते दृश्य मी विसरणार नाही. वरून निळी दिसणारी मोटार खालून जुन्या जहाजासारखी तपकिरी, पापुद्रे सुटलेली. ब्रेकच्या नळ्या पोलादाच्या होत्या, त्या दोन वर्षांपूर्वीच त्याने बदलून तांबे-निकेलच्या घातल्या होत्या. त्या तेवढ्या चकाकत होत्या. दर ऑक्टोबरात तो पोटाला मेंढीच्या लोकरीची चरबी मिसळलेले तेल फवारत असे, त्याच्या खुणाही दिसत होत्या. मग त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डॉक्टर पोट चाचपतात तसा जागोजाग टोचू लागला. मागच्या चाकांचा भार जिथे येतो, त्या पत्र्यापाशी तो थांबला. तिथे खडूने एक गोल काढला.

"अजून घट्ट आहे," तो म्हणाला. "दर एप्रिलमध्ये इथे टोच. ज्या दिवशी आत जाईल, त्या दिवशी गाडी इथेच सोडून चालत घरी जा."

मिनेसोटात खासगी मोटारीची दरवर्षी तपासणी करण्याची सक्ती नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी पासिंगला न्यावी लागते आणि पुढचे सरकार पाहते. तिथे गाडीचे आयुष्य संपले हे ठरवायला फक्त मालक आणि त्याचा स्क्रूड्रायव्हर. परवडत नाही म्हणून न टोचणारे लोकही असणारच. बहीण टोचत असे. खडूचा गोल पहिल्याच पावसात गेला; तिने पांढऱ्या रंगाने तो पुन्हा काढला.

२०२१च्या एप्रिलमध्ये स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ती चालत घरी गेली. भंगारवाल्याने वजनावर पैसे दिले. बर्फाचे टायर, फावडे आणि बॅटरी तिने काढून ठेवली.

नंतर तिने जे केले ते उत्तरेकडचे शहाणे लोक करतात. मीठ नसलेल्या मुलखातली जुनी गाडी शोधली. डुलूथला जो पस्तीस नंबरचा हमरस्ता संपतो, तो मेक्सिकोच्या सीमेवर टेक्सासातल्या लारेडोपासून सुरू होतो. त्याच रस्त्यावरच्या डॅलस शहरात तिला दहा वर्षांची एक स्टेशन वॅगन मिळाली. विमानाने जाऊन ती सुमारे अकराशे मैल एकटीने चालवत घेऊन आली. खालचा पत्रा कोरा करकरीत होता. वरचे प्लास्टिक आणि दारांचे रबर मात्र दक्षिणेच्या उन्हाने चिरफळले होते, आणि ब्लॉक-हीटर नव्हता. रबर तिने स्वतः बदलले. हीटर बसवायला आणि पोटाला तेल मारायला गाडी ऑक्टोबरात त्याच म्हाताऱ्याकडे गेली. त्याने ती वर उचलून विजेरी फिरवली आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर न काढताच खाली उतरवली.