दुसरें घर

मागील पावसाळ्यांत आम्ही ज्वरानें आठ दिवस अंथरुणास खिळलों होतों. जव्हार येथील आमच्या शाळेंतील संगणकांच्या खोलीची किल्ली, संकेतशब्द व सर्व खटाटोप आम्हांपाशींच असे. दुसऱ्या कोणास तो शिकवावा, असें आमच्या मनांत कधीं आलेंच नाहीं. खरें सांगावयाचें तर, आपल्यावांचून काम अडतें यांत एक प्रकारचें सुख असतें आणि तें आम्ही यथेच्छ भोगीत होतों. नेमक्या त्याच आठवड्यांत प्रात्यक्षिक परीक्षा ठरली होती. मोखाड्याकडून भर पावसांत आलेलीं मुलें बंद दारापुढें बसून परत गेलीं.

पुढें एका विद्यार्थ्याच्या आजीबाई आमच्या समाचारास आल्या. हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "गुरुजी, वरईचं बी कधी एका घरात ठेवू नये. आमचं अर्धं बहिणीकडं असतं. इकडचं भिजलं, तर तिकडचं पेरायला होतं."

वाचकहो, हेंच शहाणपण संगणकाच्या कारखानदारांस गिऱ्हाइकांनीं शिकविलें आहे. मायक्रोप्रोसेसर म्हणजे संगणकाचें गणित करणारा सिलिकॉनचा लहानसा तुकडा. १९७५ सालीं अमेरिकेंतील मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीनें '६५०२' नांवाचा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरांस विकावयास काढला. माल स्वस्त खरा. परंतु यंत्रें बांधणारांस धास्ती अशी कीं, हा एक कारखाना बंद पडला किंवा त्याचा माल बिघडूं लागला, तर आपलीं यंत्रें चालावीं कशावर? म्हणून सिनर्टेक व रॉकवेल या कंपन्यांसही तोच प्रोसेसर बनविण्याची परवानगी मिळाली. आपली विद्या आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या हातीं द्यावयाची! इंटेल कंपनीनेंही १९८२ सालीं एएमडीशीं असा करार केला. मात्र पुढें '३८६' हा प्रोसेसर देण्याचें तिनें नाकारलें, आणि त्यांतून निघालेलें भांडण १९९५ पर्यंत चाललें. एकट्यानें मिरविण्याचा मोह मोठमोठ्यांसही सुटत नाहीं, हें वाचून आम्हांस थोडें बरें वाटलें, हेंही येथें कबूल करितों.

तो ६५०२ आपल्या देशांतील शाळांतही पोहोंचला. १९८४ सालीं सरकारनें 'क्लास' योजनेंत शाळांस जे बीबीसी मायक्रो संगणक दिले, त्यांत हाच प्रोसेसर होता. त्याच वर्षीं मोहाली येथें सरकारच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्यें असले तुकडे घडविण्याचें काम सुरू झालें होतें. १९८९ च्या फेब्रुवारींत त्या कारखान्यास भीषण आग लागली आणि काम कित्येक वर्षें थांबलें. तें वाचतांना आम्हांस बहिणीच्या घरीं ठेवलेली वरई आठवली.

परीक्षा पुढें पंधरा दिवसांनीं झाली. दिवाळीनंतर आम्ही दोन विद्यार्थ्यांस जवळ बसवून सर्व काम शिकविलें. एक जव्हारचा, दुसरी मोखाड्याची. किल्लीही दुसरी करविली. तिसऱ्याच दिवशीं त्या मुलीनें, "सर, ही तार तुम्ही उलटी लावली आहे," म्हणून आम्हांस दाखविलें. तार खरोखरच उलटी होती.