काविळीची लस आणि माझी एक ओळ

२०१२ चा उन्हाळा आठवतोय? गल्लोगल्ली काविळीचे पेशंट, दवाखान्यात जागा मिळेना. त्या गडबडीत मी बातमीच्या शेवटी एक ओळ टाकली होती, ‘नागरिकांनी काविळीची लस टोचून घ्यावी.’ कुणा डॉक्टरला विचारलं नव्हतं. ती वाचून आमच्या गल्लीतले दोन यंत्रमाग कामगार पदरचे पैसे घालून लस घेऊन आले. हिपॅटायटिस बी ची. साथ होती ई ची, घाण पाण्यातून पसरणारी.

त्यात नेमकं काय चुकलं ते परवा समजलं. भाची बायोटेकला आहे, तिनं लॅपटॉपवर युनिप्रॉट उघडून दाखवलं. प्रोटीनची जागतिक खातेवहीच म्हणा, फुकट आणि सगळ्यांना खुली. त्यात ई विषाणू शोधला. त्याचं कवच ज्या प्रोटीनचं, ते ६६० अमिनो आम्लांचं. ‘फंक्शन’ या सदरात त्याचं काम लिहिलंय : कवच रचायचं आणि पेशीला चिकटायचं. बी चं बाहेरचं प्रोटीन साफ निराळं, आणि बी ची लस त्याच्यापासूनच बनते. म्हणजे लशीनं शरीराला एका चोराचा चेहरा दाखवला, घरात शिरला दुसराच. चीननं २०११ साली मंजूर केलेली ई ची लस मात्र याच कवचाच्या तुकड्यापासून केलेली आहे.

मला खरी चपराक बसली ती वेगळ्याच गोष्टीनं. तिथं विधानासोबत पुरावा जोडलेला असतो. हे प्रयोगातून कळलं, हे दुसऱ्या सारख्या प्रोटीनवरून धरलेलं, असं स्पष्ट. माणसानं शोधनिबंध वाचून तपासलेली नोंद वेगळी, संगणकानं आपोआप भरलेली वेगळी. आणि आम्ही? ‘सूत्रांनी सांगितले.’ पुण्याच्या एनआयव्हीतल्या संशोधकांनी १९५५-५६ च्या दिल्लीतल्या साथीचे रक्तनमुने १९८० च्या सुमारास पुन्हा तपासले, तेव्हा कळलं की ती हिपॅटायटिस ए नव्हतीच. पंचवीस वर्षांनी का होईना, तपासलं. मी माझी एक ओळ कधी तपासली नाही.

त्या दोघांतला एक अजून चहाच्या गाड्यावर भेटतो. काल त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाला, “लस घेतली म्हणून आम्ही पाणी उकळायचं बंद केलं होतं की ओ. महिन्याभरानं बायकोचे डोळे पिवळे झाले.”

चहाचे पैसे त्यानंच दिले.