धगेची वाट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटारसायकली खोलण्या-जोडण्याच्या कामात माझी सत्तावीस वर्षे गेली, आणि या काळात ज्या तक्रारी माझ्यापुढे दाखल झाल्या त्यांत ‘इंजिन फार तापते’ ही तक्रार मला नेहमीच सर्वांत मोघम वाटत आली आहे; कारण तापणे हा इंजिनाचा दोष नसून धर्म आहे. जळालेल्या पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा पाव ते तिसरा हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची सारी सायलेन्सरवाटे, सिलिंडरच्या फिन्सवरून अथवा रेडिएटरमधून बाहेर पडलीच पाहिजे, नाहीतर पिस्टन सीझ होतो. तेव्हा ही उष्णता कमी करून द्या अशी मागणी घेऊन कोणी आले, की धग अंगाला नेमकी कोठे लागते, कोणत्या वेळी लागते, आणि गाडी धावत असता लागते की उभी असता, एवढी जबानी पुरी झाल्यावाचून मी पान्याला हात लावीत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह सोलापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या रस्त्याने नागपूरला जाऊन आले, आणि परतल्यावर दोनच दिवसांनी लांब पल्ल्याची ती जडशीळ गाडी घेऊन दोघेही माझ्या दारी उभे राहिले. गुरुजींच्या उजव्या पायाची आतली बाजू लालसर झाली होती. असा डाग पाहिला की मी तक्रार हलकी मानीत नाही. सुमारे 44 अंशांची उष्णतादेखील त्वचेला तासन्‌तास चिकटून राहिली तर इजा करते.

“मिस्त्री, सगळं इंजिनच भट्टी झालंय,” गुरुजी म्हणाले.

“सगळं नाही हो,” बाई म्हणाल्या. “गाडी थांबली, की तो पंखा घूं करून सुरू होतो आणि मग तुम्ही पाय झाडायला लागता. पंखा थांबला, की तुम्हीही थांबता.”

मागच्या सीटवर बसून हजार-दीड हजार किलोमीटरांच्या प्रवासात बाईंनी जे टिपले होते, ते मला माझ्या यंत्रांनी सांगायला अर्धा दिवस लागला असता. वहन, अभिसरण आणि प्रारण या उष्णतेच्या तीन वाटा गुरुजींनी आयुष्यभर मुलांना फळ्यावर समजावून दिल्या होत्या. त्यांपैकी इथे निदान पहिली आरोपी अभिसरण होती, हे त्या एका वाक्याने मुकर्रर झाले.

तरीही पुरावा हवा. मी टाकीच्या कडेला, बाजूच्या कव्हरवर आणि रेडिएटरच्या मागे सुताचे वीतभर दोरे चिकटपट्टीने लावले, गाडी उभ्यानेच सुरू ठेवली आणि पंखा लागण्याची वाट पाहिली. (हे काम उदबत्तीच्या धुरानेही होईल असे पुष्कळजण सुचवतात; पेट्रोलच्या टाकीखाली निखारा नेण्यास माझी कायमची मनाई आहे.) पंखा लागताच खालचे दोरे जमिनीकडे झुकण्याऐवजी निपचित पडून राहिले, आणि टाकी व कव्हर यांच्यामधल्या बोटभर फटीवरचा दोरा मात्र ताठ उभा राहून स्वाराच्या मांडीकडे फडफडू लागला. कव्हर काढून पाहिले तेव्हा त्या फटीला झाकणारी रबरी पट्टी जागेवर नव्हती. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत कोणीतरी ती काढून ठेवली आणि परत बसवायची राहून गेली असावी. दोन बोटे रुंदीचे रबर, पण त्याच्यावाचून रेडिएटरमधली सारी तप्त हवा आत कोंडून वर चढत होती. मी नवी पट्टी कापली, तिच्या आतल्या अंगाला चंदेरी वर्खाचा फोम लावला, आणि खालची व मागची वाट मुद्दाम मोकळी ठेवली. कारण हवेला बाहेर पडायला जागा न ठेवता केलेला बंदोबस्त शेवटी इंजिनाच्याच मुळावर येतो.

पोटरीची धग निराळी होती. ती बेंडपाइपावरून सरळ रेषेत, मधल्या हवेची पर्वा न करता येत होती. आणि प्रारणाने येणारी उष्णता निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून पाइप थोडा अधिक तापला तरी पायाला ते ताबडतोब कळते. येथे गुरुजींनी पाइपाला काचतंतूंची पट्टी गुंडाळण्याची सूचना केली. एके काळी मीही ती आवडीने गुंडाळीत असे. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला गुंडाळलेली पट्टी दोन पावसाळ्यांनंतर सोडली, तेव्हा तिने धरून ठेवलेल्या ओलीने आतला साधा लोखंडी पाइप इतका खाल्ला होता की पेचकसाचे टोक आरपार गेले. नवा पाइप मी माझ्या खर्चाने बसवून दिला, आणि तेव्हापासून लोखंडी पाइपाला पट्टी लावणे सोडले.

त्याऐवजी शेजारच्या पत्राकामवाल्याकडून एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा पाइपाच्या वळणाप्रमाणे वाकवून घेतला आणि पाइपापासून सुमारे दहा मिलिमीटर अंतर राखून बसवला. त्या अंतरातच सारी करामत आहे. पत्रा पाइपाला टेकला, तर तो आडोसा न राहता दुसरा पाइप होतो; म्हणून टेकूही ॲल्युमिनियमचे न घेता बारीक स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण ॲल्युमिनियमच्या मानाने त्यातून उष्णता दहाव्या हिश्श्याहूनही कमी वाहते.

गुरुजींनी अवरक्त तापमापक रोखून पाहिला. चकचकीत पत्र्यावर आकडा चाळीस अंशांच्या आसपास आला, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पण चकचकीत धातू स्वतःचे प्रारण फार थोडे देतो आणि त्या यंत्राला फसवतो, म्हणून मी त्याच जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबलो आणि पुन्हा मोजायला सांगितले. आकडा नव्वदीच्या पुढे गेला. तेवढाच पत्रा, तेवढीच उष्णता. गुरुजी कितीतरी वेळ त्या टेपकडे पाहत होते, आणि हे शाळेत असताना मुलांना दाखवता आले असते तर, असे काहीसे स्वतःशीच म्हणाले.

दिवाळीनंतर हंपीला जाऊन ती दोघे पुन्हा आली. गुरुजींचा पाय स्वच्छ होता आणि त्यांचे समाधान झाले होते. बाईंनी मात्र मला गाडीच्या मागच्या बाजूला बोलावले. “मिस्त्री, यांचं गेलं, पण आता पंखा लागला, की गरम हवा खालून येऊन माझ्या उजव्या घोट्याला लागते. भाजत नाही, पण लागते.”

मी फडताळातून सुताची गुंडी काढली, मागच्या पायटेकाभोवती चार दोरे लावले आणि गाडी सुरू केली. बाई चप्पल काढून सीटवर बसल्या, आणि आम्ही तिघेही पंखा लागण्याची वाट पाहू लागलो.