वडस

माझ्या उजव्या डोळ्यातील वडसाची वाढ बुबुळावर सरकली, तेव्हा मुद्रितांतील अनुस्वार अस्पष्ट होऊ लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातील ही मांसल वाढ घातक नसते. ऊन, वारा व धूळ यांनी ती बळावते. उत्तर भारतात, जेथे सध्या मी अभ्यागत प्राध्यापक आहे, तिला ‘नाखूना’ म्हणतात, म्हणजे नख. ग्रीकांना तीत इवलासा पंख दिसला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा नामभेद मोह पाडणारच. परंतु ही रूपके दुरून पाहणाऱ्याची आहेत. सुश्रुत बोलतो तो शस्त्र हाती धरणाऱ्याच्या भाषेत. उत्तरतंत्रात ‘अर्मा’चे पाच प्रकार सांगून तो बजावतो की, छेद अधिक झाला तर नेत्रकोनास इजा होते आणि उणा राहिला तर वाढ लवकरच परतते. पेच आजही तोच आहे. नुसते कापल्यास उघड्या जागी ती पुष्कळदा पुन्हा येते; म्हणून केनयन व सहकाऱ्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीप्रमाणे रुग्णाच्याच वरच्या पापणीखालील नेत्रश्लेष्मकलेचा पातळ तुकडा तेथे बसवतात. माझ्याही डोळ्यात तसाच बसवला. अनुस्वार पुन्हा ठळक झाले; वाढ परतण्याची शंका मात्र वर्षभर तरी सोबतीस राहील.