टेकलेला पाय

पाव सेकंद शटर उघडं ठेवलं की चालणारा माणूस धूर होतो. पण सगळाच्या सगळा होत नाही. जो पाय त्या वेळी जमिनीवर टेकलेला असतो तो लख्ख येतो. चपलेचा पट्टा, टाचेची भेग, साडीच्या काठाखालून डोकावणारं जोडवं. गुडघ्यापासून वरचं सगळं विरघळलेलं. दादरच्या पुलावर खांबाला पाठ टेकवून, कोपरं पोटाशी धरून उभं राहिलं की असे पाय हवे तितके मिळतात. शरीर पुढे गेलेलं आणि पाऊल मागे राहिलेलं, हे स्क्रीनवर दिसलं की मला अजून हसू येतं.

हाच फोटो रंगीत ठेवला तर जमत नाही. कुणाची तरी लाल ओढणी लांबलचक पट्टा होऊन पसरते आणि नजर त्या लालाच्या मागे धावते. रंग काढून घेतला की ओढणी, शर्ट, डब्याची पिशवी, पुलाचं रेलिंग, सगळी एकाच राखाडी कुळातली होतात. मग कोण गेलं हे महत्त्वाचं राहत नाही, जाणं तेवढं उरतं. कृष्णधवल फोटोतला धूसरपणा मला आवडतो तो एवढ्याचसाठी.

अर्थात धूसर म्हणजे आपोआप काव्यात्म, असं नाही. नुसता हललेला फोटो हा हललेलाच फोटो असतो. त्यात कुठेतरी एक गोष्ट टेकलेली लागते. 1838 साली दाग्येरने पॅरिसमधल्या बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचं छायाचित्र खिडकीतून घेतलं. त्या काळच्या चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत. रस्त्यावरचे घोडे, गाड्या, माणसं तेवढ्या वेळात येऊन गेली, म्हणून उमटलीच नाहीत. भर दिवसा ओस पडलेला रस्ता दिसतो. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात एक जण बुटाला पॉलिश करून घेत उभा आहे. पाय वर ठेवलेला, म्हणून हलला नाही, म्हणून राहिला. छायाचित्रात आलेल्या पहिल्या माणसांत त्याचं नाव घेतात. म्हणजे नाव नाहीच घेत, कारण ते कुणालाच ठाऊक नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये अलेक्सेई तितारेंकोने हीच युक्ती दुःखासाठी वापरली. 1992 सालचा त्याचा एक फोटो आहे, मेट्रो स्टेशनच्या पायऱ्यांवरच्या गर्दीचा. शटर इतका वेळ उघडं की माणसं उरलेलीच नाहीत, पायऱ्यांवर एक काळपट लोंढा तेवढा चढतोय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी कारखान्याचा धूर असेल. मग कठड्याकडे नजर गेली. कठड्यावर हात आहेत. आधारासाठी धरलेले, बोटं मोजता येतील इतके खरे. चेहरे पुसले गेले, हात राहिले. त्या वर्षी त्या शहरात लोकांचं काय झालं असेल हे सांगायला मजकुराची गरज पडत नाही.

आणि मग रघु राय यांचा 1995 सालचा चर्चगेट. फलाटावरून लोकांचा पूर वाहतोय, वाफेसारखा, आणि त्याच्या मधोमध वर्तमानपत्र वाचणारी स्थिर माणसं. पीटर्सबर्गच्या फोटोत जी भीती आहे ती इथे नावालाही नाही. तंत्र तेच, भाव अगदी वेगळा. मुंबईकराला तर त्यात विशेष काही वाटणारही नाही. सहाची गर्दी अंगावर येत असताना पेपर वाचत बसणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट. बाहेरचे लोक त्याला ध्यान वगैरे म्हणतील.

हे झालं हालचालीचं. धूसरपणाची दुसरी जात काचेवरची. लग्नाचे फोटो काढणारे पूर्वी लेन्सपुढे साधा फिल्टर लावत आणि त्याच्या कडेला बोटाने व्हॅसलीन फिरवत, मधला गोल तेवढा कोरडा ठेवून. नवरीच्या नथीतले मोती, मुंडावळ्या, समईची ज्योत, जे जे उजळ ते ते आपल्या जागेतून थोडं बाहेर सांडायचं. अंधारात उजेड झिरपायचा आणि सगळं जरा जास्तच मंगल दिसायचं.

पण तोच प्रकार डार्करूममध्ये केला तर उलटं होतं. एन्लार्जरच्या लेन्सखाली पातळ मोज्याचं कापड ताणून धरायचं, निम्मा वेळ कापड ठेवून, निम्मा वेळ काढून. लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला की प्रतिमा हळूहळू वर येते, आणि या वेळी काळं पांढऱ्यात उतरलेलं असतं. कारण सरळ आहे. निगेटिव्हमध्ये सावलीची जागा पारदर्शक, त्यामुळे कागदावर तिथूनच जास्त प्रकाश पडतो आणि तोच पसरतो. नदीकाठच्या झाडांचा काळोख आकाशात शिरतो, चेहऱ्याच्या कडेला केसांची सावली गालावर उतरते. दृश्य तेच, कापड तेच. कॅमेऱ्यापुढे धरलं की सण, एन्लार्जरखाली धरलं की सुतक. शाईचा हात पुसायच्या आधी वहीला लागावा तसं ते काळं दिसतं. मला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो. संगणकावर दोन्ही करता येतात, पण तिथे बहुतेक जण पहिलाच करतात.

ज्युलिया मार्गारेट कॅमरनला यातलं काहीच लावायची गरज पडली नाही. कलकत्त्यात 1815 साली जन्मलेल्या या बाईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला. काचेची ओली प्लेट, माणसं मिनिट-मिनिटभर बसवून ठेवलेली, आणि फोकस तिला सुंदर वाटेल तिथे थांबवलेला. त्यापुढे स्क्रू फिरवून चित्र कातीव करायचं तिने नाकारलं. छायाचित्रकारांच्या मंडळींनी नावं ठेवली, प्लेटवरच्या बोटांच्या ठशांवरून आणि ओरखड्यांवरून हिणवलं. पण 1867 मध्ये तिने काढलेला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलचा फोटो बघावा. पांढरे केस पिंजारलेले, कडेचं सगळं अंधारात बुडालेलं, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ओल. पुढे 1932 साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी ‘एफ 64’ नावाचा गट काढून काडीन् काडी स्पष्ट दिसण्याचा आग्रह धरला. त्यांची चित्रं थोर आहेतच, पण हर्शेलचे ते डोळे त्या शिस्तीत बसले नसते.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडबद्दल मात्र मला चांगलं बोलता येत नाही. माणूस कातरून घ्यायचा आणि मागचं सगळं, मग ते देऊळ असो की वडापावची गाडी, सारखंच मऊ करून टाकायचं. कानामागचे चार केस त्यात हमखास कापले जातात. हा धूसरपणा काहीही सांगत नाही, फक्त लपवतो.

आजीच्या माहेरचा एक ग्रुप फोटो आमच्याकडे आहे. वाड्याच्या चौकात काढलेला. मागे पगड्या आणि टोप्या, खुर्च्यांवर नऊवारीतल्या बायका, पुढे सतरंजीवर पोरं. सगळे श्वास रोखून बसलेले, कोटाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत इतके स्पष्ट. फक्त पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या मानेवर चेहऱ्याऐवजी पांढरट भोवरा आहे. माझा टेकलेल्या पायाचा सिद्धान्त इथे उलटा पडतो, कारण इथे बाकी सगळेच टेकलेले आहेत. आणि घरी आलेला कुणीही पाहुणा त्या पंचवीस-तीस जणांना सोडून बोट त्याच्यावरच ठेवतो. आजी होती तोवर उत्तरही ठरलेलं असे.

“आमचा धाकटा. मुंगी चावली मेल्याला.”